दोन गोळ्या जास्तीच्या

आरतीचं ताट माझ्या हातात होतं, निरांजन पेटलेलं होतं आणि माझा उजवा गुडघा सैल पडायला लागला होता.

तीन वर्षांपूर्वी माझ्या कण्यात गाठ निघाली. ऑपरेशननं गाठ गेली, पण तिनं मज्जारज्जू दाबला होता, त्याचं नुकसान राहिलं. तेव्हापासून दोन्ही पाय ताठ. बसलो की गुडघे वाकत नाहीत, उठलो की टाचा टेकत नाहीत. त्यावर स्नायू सैल करणारी गोळी आहे, सकाळी, दुपारी आणि रात्री. डॉक्टरांनी अर्ध्या गोळीपासून हळूहळू वाढवत नेली होती, आणि दर खेपेला तेच बजावायचे, मला विचारल्याशिवाय वाढवायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही. बायको वहीत लिहून घ्यायची, मी खिडकीबाहेर बघत बसायचो. कोलकात्यात न्यू टाउनच्या ऑफिसात चाळीस माणसं माझं ऐकतात. गोळी कधी घ्यायची हे मला कुणी शिकवावं, याचाच राग यायचा.

इथली आमची मराठी मंडळी मोजकी. त्या वर्षी गणपतीत मंडळानं आरतीचं ताट मला दिलं. आजारपणाआधी ते मीच धरायचो. मला ते काठीशिवाय, ताठ मानेनं उभं राहून धरायचं होतं. आदल्या वर्षी मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि खिदिरपूरच्या एका काकांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. माया होती त्यात, पण मी तो हात वर्षभर विसरलो नव्हतो.

माझा तर्क सोपा होता. एका गोळीनं पाय थोडे मोकळे होतात, तर आणखी दोन घेतल्या की चांगलेच होतील. दुपारची गोळी झालेली होती. साडेपाचला, बायको साडी नेसत असताना, मी दोन गिळल्या आणि पाकीट तिच्या पर्समध्ये परत ठेवलं. टॅक्सीत पाय खरंच लोण्यासारखे मऊ झाले. मी खुशीत होतो.

"सारख्या जांभया का देतोयस?" बायकोनं विचारलं.

"उकाड्यानं," मी म्हणालो. भाद्रपदात कोलकात्यात हे कारण कुणालाही पटतं.

पहिली आरती झकास झाली. दुसरीलाही मी उभा होतो. पण मराठी माणसाला आरती आवरता येत नाही, हे मी विसरलो होतो. एक संपली की मागून कुणीतरी पुढची उचलतो, आणि परमुलखात तर प्रत्येकाला आपल्या गावची म्हणायचीच असते. नागपूरकरांची झाली, लगेच कोल्हापूरकरांनी सूर लावला.

दुखत काहीच नव्हतं. पायाखालची वाळू कुणीतरी मूठमूठ काढून नेत असावं तसे गुडघे खचत होते. जीभ जड झाली होती, शब्द तोंडातच घोळत होते. हात घामानं निसटत होते. तेल ताटात सांडलं तेव्हा मला कळलं की मी एका बाजूला कलतोय. त्याच बाजूला परकर घातलेली एक चिमुरडी मांडी घालून बसली होती, ताटापासून जेमतेम हातभर. कुणालाही "धरा" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी तोंड उघडलं आणि लाज आडवी आली. पोर भाजेल हे दिसत असूनही लाज आडवी आली. आजही हे लिहिताना मला स्वतःची चीड येते.

मग दोन्ही गुडघे एकदम गेले. पण मी जमिनीवर पडलो नाही. मागून कुणीतरी खेचलं, मी प्लास्टिकच्या खुर्चीत आदळलो आणि खिदिरपूरच्या काकांनी ताट वरच्यावर झेललं. आरती एका ओळीपुरती अडखळली.

बायकोनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी किती गोळ्या, किती वाजता, दारू घेतली आहे का, हाक मारल्यावर नीट उत्तर देतो का, सगळं विचारलं. रात्रीची गोळी देऊ नका, म्हणाले, एकटं सोडू नका, आणि जागा होत नसेल किंवा श्वास मंद वाटला तर थेट हॉस्पिटल गाठा. ती रात्रभर मला हलवून उठवत राहिली.

सकाळी मी जाहीर केलं, "आजपासून ती गोळी बंद."

"एकदम बंद केलीस तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो," तिनं वही न उघडता सांगितलं. "डॉक्टरांशी बोलले आहे. आजपासून पूर्वीसारखीच." आणि पोह्यांच्या बशीशेजारी गोळी ठेवली.

व्यायाम घ्यायला येणारे फिजिओथेरपिस्ट बंगाली. सगळं ऐकून ते हिंदीत म्हणाले, "दादा, तुमच्या पायांत ताकद कमी आहे. ताठपणा आहे म्हणून तुम्ही उभे राहता. तो सगळाच काढून टाकलात तर उभे कशावर राहणार?"

ते गेल्यावर मी बायकोला विचारलं, "ती खुर्ची कुठून आली?"

"मीच आणली होती. पहिली आरती चालू असताना पर्समध्ये काडेपेटी शोधत होते, तेव्हा पाकीट दिसलं. दोन गोळ्या कमी."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू चारचौघांत माझ्यावर ओरडला असतास आणि ताट आणखी घट्ट धरलं असतंस. माझंही चुकलंच, बोलायला हवं होतं. पण दुसऱ्या आरतीपासून तुझा कुडता माझ्या मुठीत होता."

दुसरी आरती मी कुणाच्याही आधाराशिवाय उभं राहून म्हटली, असं मी सकाळीच पुण्याला आईला फोनवर सांगितलं होतं.