विंडसरच्या किल्ल्यात पाहिलेलं हृदय

ऑपरेशनची तारीख आली आणि बाबांनी ती नाकारली. हृदयातली झडप बदलायची होती, डॉक्टर थांबू नका म्हणत होते. पण तारीख पितृपक्षातली, त्यातही नेमकी माझ्या आजोबांच्या तिथीची. "वडिलांचं श्राद्ध सोडून तिकडे जाऊन पडू?" एवढंच बाबांचं म्हणणं. सोमवारपर्यंत हॉस्पिटलला कळवायचं होतं. शनिवारभर घरात तोच वाद नको म्हणून मी बाबांना आणि माझ्या लेकीला, ईराला, घेऊन लंडनजवळच्या विंडसरला निघाले. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन चित्रकाराने काढलेली हृदयाची चित्रं तिथे किल्ल्यात मांडली होती.

आमच्या स्टॅनमोरहून वॉटर्लूला गेलं की थेट ट्रेन मिळते, पण ती नदीकाठी सोडते आणि पुढे चढ लागतो. वयस्कर माणूस सोबत असेल तर स्लाउला गाडी बदला. तिथली छोटी गाडी किल्ल्यासमोरच्याच स्टेशनात आणून सोडते. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. चित्रं कायम मांडलेली नसतात, तेही तपासून घ्या.

आतल्या चढावर बाबा दोनदा थांबले.

"आजोबा, आर यू ओके?"

"किल्ला बघतोय," खाली मान घालून ते म्हणाले.

चित्रांच्या दालनात उजेड मंद होता. "एवढंसंच?" ईरा म्हणाली. खरंच, वहीच्या पानाएवढा निळसर कागद. त्यावर केसासारख्या बारीक रेघांनी उघडलेली, मिटलेली झडप, आणि पाकळ्यांमागे वळणारे रक्ताचे भोवरे. आताच्या स्कॅनमध्ये तसेच भोवरे दिसतात, असं शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यातली. ते काचेला नाक लागेल इतके वाकले.

"प्रवाह मागे वळतोय, आणि तोच झडप मिटवतोय. याने जिवंत हृदय बघितलं होतं?"

"नो, आजोबा. बैलाचं. तेही मेलेलं."

बाबा कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत. मग हळूच मला म्हणाले, "माझी झडप कडक झालीय म्हणालीस ना? मग हे सगळं माझ्या आत होतच नसेल."

"नीट नाही होत, बाबा."

बाहेर बाकावर थालीपीठं खाल्ली. डोक्यावरून हीथ्रोची विमानं उतरत होती.

घरी आल्यावरही ती निळी पानं माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. सोमवारी बाबांनी स्वतः फोन करून तारीख कबूल केली. मग मला म्हणाले, "त्या दिवशी वडिलांचं पान तू वाढ. अळूची भाजी विसरू नकोस."

आमच्याकडे हे मुलीने कधी केलेलं नाही.

"मला मंत्र कुठे येतात?"

"फोनवर सांगेन की." मग त्यांना हसू आलं. "छे, तेव्हा मला भूल देऊन झोपवलेलं असेल. बस इथे, आत्ताच शीक."