नाकारलेली सही

अक्का गेल्याचं मला जळगावला, पिंप्राळ्यात मी हल्ली राहतो तिथल्या शेजाऱ्यांच्या फोनवर कळलं. धुळ्याहून, म्हणजे आमच्या गावाहून, अक्कांच्या मुलीचा फोन होता. "मामा, आई गेली. झोपेतच." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी पहिल्या एस.टी.ने निघालो, तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मग तेराव्या दिवसानंतर शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली, आणि तिथे मला नानांचं भाषण ऐकावं लागलं. नाना म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, गावातलं बडं प्रस्थ. हातरुमाल डोळ्यांना लावून ते म्हणाले, "अक्का मला आईच्या ठिकाणी होत्या. लोकशाहीवर त्यांची किती श्रद्धा..." पुढे बसलेल्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असावी. मान हलवणं मला जमतं. अक्कांना ते पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच हे लिहितो आहे.

आमच्या गल्लीत राहणाऱ्या अक्का नगरपालिकेच्या दवाखान्यात दाई होत्या. आमच्या आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांमधलं निम्मं गाव त्यांच्या हातांवर जन्मलं. निवृत्त झाल्या तरी बायका दवाखान्याआधी त्यांचंच दार वाजवायच्या. पुढे नगरपालिकेत बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि आमचा वॉर्ड त्यात आला, तेव्हा नानांनी आपल्या सुनेचं नाव पुढे केलं. ती बिचारी जेमतेम वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. आमचा नळ आठवड्यातून किती वेळा येतो, हे तिला कुणी सांगितलंही नसेल. तिचा अर्ज भरायला बँड होता, गुलाल होता, आणि बिनविरोधाचे पेढे अर्ज भरण्याआधीच वाटून झाले होते. आमच्या गल्लीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनी ते खाल्ले. वकील, डॉक्टर, आम्ही मास्तर... सगळ्यांनी. नानांना विरोध करण्यासारखं आहेच काय, असं एकमेकांना समजावत खाल्ले.

त्याच संध्याकाळी अक्का माझ्याकडे आल्या. हातात कोरा अर्ज होता. "सुभाष, यात काय काय लिहायचं ते बघ. आणि सूचक म्हणून सही तुझी हवी. आपल्या वॉर्डातला मतदार लागतो." मी विचारलं, "अक्का, नानांच्या विरोधात?" त्या म्हणाल्या, "नानांच्या नाही रे. दवाखान्यात दोन वर्षं बाळंतपणाची खोली कुलूपबंद आहे, तिच्यासाठी." मतदार यादीतला क्रमांक मी शोधून दिला, रकाने तपासले, सही केली. त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं, हे कबूल करतो. मी नानांच्याच शाळेत तीन वर्षं हंगामी शिक्षक होतो, आणि सही करताना मला वाटलं, आपण कुणीतरी आहोत.

ते वाटणं तीन दिवस टिकलं. छाननीच्या सकाळी हेडमास्तर मला स्वतः जीपमध्ये घालून नानांच्या बंगल्यावर घेऊन गेले. नाना ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. असली माणसं ओरडत नाहीत. ओरडण्याइतकी किंमत ते समोरच्याला देतच नाहीत. "या सर, चहा घ्या," म्हणाले. टेबलावर माझ्या कायम नेमणुकीचा आदेश टाईप करून ठेवलेला होता, फक्त त्यांची सही बाकी होती. "त्या अर्जावर म्हणे तुमची सही आहे. घाईगर्दीत दुसऱ्याच कुणी केली असेल, नाही का? तेवढं साहेबांना सांगा." मी चहा घेतला. बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत घेतला.

नगरपालिकेच्या मोठ्या खोलीत निवडणूक अधिकाऱ्यांसमोर अक्का कापडी पिशवी मांडीवर ठेवून बसल्या होत्या. नानांच्या वकिलाने हरकत घेतली. अधिकाऱ्यांनी अर्ज माझ्यापुढे धरला. "ही सही तुमची आहे?"

"नाही," मी म्हणालो.

इतका सोपा शब्द आहे तो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अधिकाऱ्यांनी अर्जावर 'बाद' असा शेरा मारला, नानांचा मुलगा उठून बाहेर पेढ्यांचं सांगायला निघाला, आणि तेवढ्यात अधिकारी म्हणाले, "थांबा. या बाईंचा दुसराही अर्ज आहे."

शेवटच्या दिवशी, मुदत संपायला थोडा वेळ असताना, अक्कांनी तो भरला होता. त्यावर सूचक होती जनाबाई, दवाखान्यात झाडू मारणारी, अक्षरशत्रू. तिने अंगठा दिला होता, आणि तो अधिकाऱ्यांनी आपल्यासमोर घेऊन तसं अर्जावर लिहूनही ठेवलं होतं. नानांचा वकील तिच्यावर वाकला. "आजी, कशावर अंगठा दिला, कळलं तरी का?" जनाबाईने पदर सावरला. "बठ्ठं कळस माले. हाऊ अंगठा मनाच शे. सायबना डोयासमोर देयेल शे." सगळं तिला कळत होतं; अंगठा तिचाच होता, साहेबांच्या डोळ्यांसमोर दिलेला. बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाची सही नाकारता आली होती. त्या बाईचा अंगठा कुणाच्या बापाला नाकारता आला नाही.

निवडणूक झाली. अक्का पडल्या. पेढे खाल्लेल्यांनी मतंही तशीच दिली. पुढे पाच वर्षं सुनेच्या जागी कारभार मुलाने केला, ती फक्त कागदावर होती. पण प्रचारात अक्का रोज त्या कुलपाबद्दल बोलत राहिल्या, तेव्हा निकालाआधीच घाईघाईने बाळंतपणाची खोली उघडावी लागली. फीत नानांनी कापली, हे सांगायला नकोच. मला कायम नेमणुकीचा आदेश मिळाला. मी तो घरी कुणाला वाचून दाखवला नाही. सात-आठ महिने मी अक्कांच्या दारावरून जायचं टाळून मागच्या बोळातून शाळेत जात होतो.

मग माझ्या बायकोचे दिवस भरले. भर दुपारी कळा सुरू झाल्या, आणि मी रिक्षा शोधत धावत असताना कुणीतरी अक्कांना सांगितलं. मी परत आलो तेव्हा त्या आमच्या घरात होत्या, पदर खोचून, आणि आतून बाळाचा आवाज येत होता. मुलगी झाली होती. मोरीत हात धूत असलेल्या अक्कांजवळ मी उभा राहिलो. बोलायचं बरंच होतं, तोंडातून निघालं ते एवढंच, "अक्का, तो दुसरा अर्ज... तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"सही करण्याआधी तू उठून दार लोटून घेतलंस," त्या म्हणाल्या.

"मग मला सांगितलं का नाही, की दुसरा भरलाय म्हणून?"

त्यांनी टॉवेल मागितला, हात पुसले. "सांगितलं असतं तर तुला सोपं गेलं असतं." आणि त्या बाळंतिणीच्या काढ्याचं सांगायला आत गेल्या. पुन्हा कधी त्या विषयावर त्या बोलल्या नाहीत. त्यांनी मला माफ केलं असं लोकांना सांगावंसं वाटतं; पण ते खरं नाही. त्यांनी मला ओळखलं होतं, एवढंच. नानांना आणि मला त्या सारखंच ओळखत होत्या. फरक इतकाच की नानांना त्याची लाज वाटत नाही.

शोकसभेनंतर मी त्यांच्या घरी गेलो. दाराबाहेर त्यांची लोखंडी खुर्ची अजून तशीच आहे. सकाळच्या उन्हात तिथे बसून त्या केस वाळवत आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना थांबवून विचारत, "काय गं, कितवा महिना?" अक्कांच्या मुलीने ती आत घेतलेली नाही. आम्ही दारात बोलत असताना नानांची जीप गल्लीत शिरली. सभा संपवून घरच्यांना भेटायला निघाले असतील. गल्ली अरुंद, खुर्ची आडवी आली. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने खुर्चीला हात घातला.

"राहू द्या ती तिथेच," अक्कांची मुलगी म्हणाली.

ड्रायव्हरने जीपकडे पाहिलं. नाना काचेआडून बघत होते. उतरून चार पावलं चालत येणं त्यांना शक्य होतं... ते उतरले नाहीत. थोडा वेळ इंजिन घरघरत राहिलं, मग जीप उलटी, हळूहळू, पार रस्त्यापर्यंत मागे गेली.

"बसा ना मामा," मुलीने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी पायरीवर बसलो.