अर्धी बाटली एरंडेल

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच शर्यत जिंकली आणि ती मरेपर्यंत लोकांना सांगितली. शर्यत शंकरपटाची नव्हती. पटाची बैलं निराळी, त्यांचा खुराक निराळा आणि त्यांची मिजासही निराळी. ही शर्यत रोजच्या साध्या दमण्यांची, म्हणजे छोट्या बैलगाड्यांची होती. वर कापडाचं छत, खाली कडबा, त्यावर गोधडी, अशा दमणीतून तेव्हा माणसं लग्नाला आणि बाजाराला जायची. जिंकलेल्या दमणीत मी बसले होते. आदल्याच दिवशी माझं लग्न लागलं होतं, आणि ही दमणी हरावी म्हणून मी डोंगरावरच्या देवीपासून शाळेतल्या सरस्वतीपर्यंत सगळ्यांना साकडं घातलं होतं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-चार वर्षं झाली असतील. डोणगावच्या शाळेत सातवीच्या वर्गात आम्ही तीन मुली होतो. मी शाळेत उशिरा गेले, त्यामुळे सगळ्यांत थोराड मीच. सातवीची फायनल पास झालं की मास्तरीण होता येतं, असं गुरुजींनी सांगितलं होतं, आणि ते माझ्यापेक्षा माझ्या भावाच्या डोक्यात जास्त बसलं होतं. वडील गेले तेव्हा त्याची शाळा सुटली होती. आपली राहिली ती बहिणीची तरी पुरी करायची, या हट्टानं तो मला रोज शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचा.

पण लग्न जमलं आणि मुलाकडच्यांना घाई झाली. लग्नाच्या तारखेपासून फायनल दीड महिन्यावर होती. बैठकीत भावानं विषय काढला तेव्हा सासरे "पाहू" म्हणाले. त्या "पाहू"वर आम्ही दोघं बहीण-भाऊ महिनाभर जगलो.

पाठवणीच्या सकाळी भावानं पुन्हा हात जोडले. "बाबाजी, परीक्षा होयेलोक पोरगी आमच्याकडंच राहू द्या."

"आठ दिवस नेजो नं मांडवपरतणीले. दीड महिना काऊन?" सासरे म्हणाले. ते रागीट नव्हते. हसतमुख होते, आणि हसतमुख माणसाशी भांडता येत नाही हा माझा अनुभव आहे. बोलता बोलता त्यांची नजर भावाच्या दमणीला जुंपलेल्या पांढऱ्या गोऱ्ह्यांवर गेली. "असं कर. तुही दमणी माह्या अगोदर आमच्या मारुतीपाशी लागली, तं ठेवजो पोरीले परीक्षेपावतर."

"अन् हारलो तं?"

"तं शाळेचं नाव काढू नोको."

मांडवातली माणसं हसली. सगळ्यांना गंमत वाटली. भाऊ मात्र हसला नाही. चार लोकांत दिलेला शब्द होता, आणि त्याची बैलं तरणीबांड होती. सासऱ्यांची जोडी उतरत्या वयाची. मी पदराआडून पाहिलं आणि मनातल्या मनात पास झाले.

वजन सारखं हवं म्हणून सासऱ्यांनी पाठराखीण म्हणून माझ्यासोबत यायच्या आत्याला भावाच्या दमणीत बसवलं. रुखवतही तिकडंच. आमच्या दमणीत पुढे सासरे कासरा धरून, त्यांच्या शेजारी माझा नवरा, आणि मागे छताखाली मी. नवऱ्याची आणि माझी ओळख अजून अंतरपाटापुरतीच होती. निघताना आईनं माझ्या ओच्यात एक बाटली कोंबली. एरंडेल होतं. "पोटगिट दुखलं तं नव्या घरात कोणाले मागत बसू नोको," म्हणाली.

मेहकरच्या वाटेला लागताच भाऊ आमच्या बाजूनं वाऱ्यासारखा पुढे गेला. आत्या दांडा धरून देवाचं नाव घेत होती. धुळीनं मला ठसका लागला, पण असा गोड ठसका मला जन्मात परत लागला नाही. सासऱ्यांनी कासरा हलवलासुद्धा नाही.

"आवाज आयकला का?" ते नवऱ्याला म्हणाले. "त्याचा आख कोरडा हाय. खालची वंगणाची नळी काढून ठेवली वाट्टे."

खरंच काढली होती. चाकं फिरतात त्या आखाला लावायच्या वंगणाची ती काळी, चिकट नळी दमणीच्या खाली टांगलेली असते. रुखवतातल्या नव्या लुगड्यांना डाग पडतील म्हणून भावानं स्वतःच ती सोडून गोठ्यात ठेवली होती. मी पाहिलं होतं. दमणी किती छान दिसते, असं म्हणालेही होते.

"आता?" नवऱ्यानं विचारलं.

"आता काय? पळू दे त्याले. आपण थांबू."

आणि ते खरोखरच थांबले. अर्धी वाटही झाली नव्हती. एका विहिरीपाशी लिंबाखाली त्यांनी बैलं सोडली, पाणी दाखवलं, पाठीवर ओला हात फिरवला. मग बापलेकांनी एकेक चाक उचलून बाहेर ओढलं. मी आत बसून बोटं मोजत होते. आता भाऊ नाल्याशी असेल, आता चढ लागला असेल. त्या दिवसात मी एवढी सुखी तिथंच झाले, लिंबाच्या सावलीत, थांबलेल्या गाडीत.

तेवढ्यात सासऱ्यांनी छतात डोकं घातलं. हात काळे झालेले. नळीतलं वंगण उन्हानं आळून घट्ट झालं होतं, तेल घातल्याशिवाय आखाला लागत नव्हतं.

"सूनबाई, तेल हाय का जवळ? कोणतंबी चालते."

आता इथं मला स्वतःचा राग येतो, तो आजही येतो. बाटली ओच्यात होती. ती माझ्याशिवाय आणि आईशिवाय कोणाला माहीत नव्हती. नुसती मान हलवायची होती, नाही म्हणून. तोंड उघडायचंही काम नव्हतं. कोरड्या आखानं ते किती लांब गेले असते? पण सासऱ्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायचं कसं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. भूगोल शिकवला, गणित शिकवलं, हे नाही. माझा हात ओच्यात गेला आणि बाटली घेऊन बाहेर आला. मी फक्त बघत राहिले.

त्यांनी अर्धं तेल ओतून घेतलं, बूच नीट लावलं, बाटली आपल्या धोतराला पुसली आणि मला परत दिली. "लक्ष्मी हाय माही," म्हणाले. मला रडू आलं. त्यांना वाटलं, आईची आठवण आली.

मग आमची दमणी निघाली ती पाण्यावरून जावी तशी. बैलं ताजी, चाकं मुकी. नाला गेला, चढ लागला, आणि दिसण्याआधी मला वास आला, करपलेल्या लाकडाचा. भावाची दमणी रस्त्याच्या कडेला तिरपी उभी होती. चाकानं आख धरला होता. आत्या बांधावर बसून पदरानं वारा घेत होती, आणि भाऊ चरवीतलं पिण्याचं पाणी चाकाच्या मधल्या तुंब्यावर ओतत होता. चर्र आवाज येत होता आणि वाफ उठत होती.

सासऱ्यांनी बैलं हळू केली. "काय झालं, पाव्हणे?"

"काही नाही. तुम्ही चाला," भाऊ म्हणाला. त्याचा गर्व मला ठाऊक होता. जीव गेला असता तरी त्यानं मागितलं नसतं.

मग त्याची नजर सासऱ्यांना ओलांडून माझ्यावर आली. बाटली माझ्या मांडीवर होती. अर्धी भरलेली. दमणीची कड माझ्यापासून हातभर. फेकायचीही गरज नव्हती, नुसती बोटं सैल सोडली असती तर मऊ धुळीत पडली असती आणि फुटलीही नसती. मी हात उचलला. कोपरापर्यंतचा हिरवा चुडा किणकिणला, नवऱ्यानं वळून पाहिलं, आणि मी शरमेनं हात पदरात घेतला. तेवढ्यात दमणी पुढे गेली.

मी मागच्या फटीला डोळा लावला. भाऊ रस्त्याच्या मधोमध येऊन उभा होता. एक हात पुढे केलेला. जा, असं म्हणत असावा. मीही फटीतून हात हलवला, त्याला दिसला की नाही कोण जाणे.

मारुतीपाशी आमची दमणी लागली तेव्हा गावानं नारळ फोडला. भाऊ तासाभरानं आला, कोण्या वाटसरूच्या वंगणावर. हातपाय धुतले, पंगतीत बसला, वाढलं ते सगळं खाल्लं. शब्दाचा पक्का होता. शाळेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. मांडवपरतणीला आठ दिवस मला घेऊन गेला तेव्हा माझी पुस्तकं फळीवरून हललेली होती, कुठं ठेवली ते मी विचारलं नाही. फायनलच्या दिवशी मी सासरी शेवया वळत होते. सकाळपासून पोटात कळा येत होत्या. कोणाला सांगणार? उरलेलं एरंडेल मी त्या दिवशी पिऊन टाकलं. पुढच्या वर्षी परीक्षेच्या वेळी थोरला लेक पोटात होता, आणि मग विषयच मिटला.

सासरे मात्र ती शर्यत सांगत राहिले. पाहुणा आला की चहाबरोबर शर्यत. मी थांबलो म्हणून जिंकलो, असं म्हणायचे, आणि शेवटी न चुकता माझ्याकडे हात करायचे, "पण तेल सूनबाईचं होतं बरं." पाहुणे कौतुकानं बघायचे. मी कपबश्या उचलायची.

भावाला मी कधी काही विचारलं नाही, त्यानंही नाही. आता तो चिखलीला मुलाकडे असतो, अंथरुणालाच खिळला आहे. मागच्या दिवाळीत त्याच्या उशाशी बसले होते. घरात कोणी नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी तेल मागितलं काऊन नाही रे?"

त्यानं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मला वाटलं, विसरला असेल.

"मागितलं होतं न," तो म्हणाला. "तुह्या मांडीवर बाटली दिसली मले. तोंडानं कसं मांगू त्याईच्यापुढं? म्हणून रस्त्यात आलो, हात पुढं केला. तू फेकशीन म्हणून उभा होतो, दमणी वळणाआड जायेलोक."

मग त्यानं विचारलं, "तू हात काऊन हलवून राह्यली होती?"