बंद केलं का विसरते

कॉम्प्युटर सुरू करताना रोज 'मायक्रोकोड अपडेटेड' अशी ओळ यायची. प्रोसेसर गेला, असं समजून मी कॉम्प्युटर बोरसीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. आमच्याच प्लांटमधून रिटायर झालेला माणूस, पायात अजून तेच सेफ्टी शूज. लॉगबुक वाचावं तसं ओळीवर बोट फिरवून तो हसला.

"बिगडला नाही भाऊ. प्रोसेसरात बनतानीच बारीक चूक राहून गेली. मशीन सुरू होतानी त्याले दुरुस्ती सांगते, तीच ही ओळ. बंद केलं का तो विसरते, मनून रोज सांगा लागते. तुमाले नाही का शिफ्टच्या आधी सेफ्टी सांगत?"

दुसऱ्या दिवशी शिफ्टआधी त्याच पाठ झालेल्या सूचना सुरू झाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा मी जांभई दिली नाही. हात हनुवटीखाली गेला. हेल्मेटचा पट्टा सुटाच होता.