लाल तेलाची गाडी

लेओंस बर्तियेच्या गॅरेजात नऊ वर्षं एक गाडी बसून होती. बसून म्हणजे खरोखरच बसून. डीएस या जुन्या फ्रेंच गाडीच्या पोटातल्या नळ्यांना तेलाचा दाब मिळाला नाही की ती जमिनीला पोट टेकते. दाब मिळाला की आधी मागचं अंग उचलते, मग पुढचं, गोठ्यातल्या गायीसारखी. लेओंसने पस्तीस वर्षं मोंतार्सीच्या आसपासच्या गोठ्यांतून दुधाचा टँकर फिरवला होता, तेव्हा गाय कशी उठते हे त्याला कोणी सांगायला नको. ही मात्र उठत नव्हती.

बाकी गाडी तयार होती. तळाचे सडलेले पत्रे कापून नवे जोडले होते. चाकांच्या झाकण्यांचा रंग स्वयंपाकघरातल्या भट्टीत वाळवला होता, आणि त्या रविवारच्या भाजलेल्या कोंबडीला जो वास आला तो मारिलेन, म्हणजे त्याची बायको, अजून पाहुण्यांना वर्णन करून सांगायची. सीटांची कापडं तिनेच शिवली होती. शिवताना ती म्हणाली होती, "माझी गाडी बाहेर हिवात कुडकुडते, आणि ही बया आत पांघरूण घेऊन. हिला मुलंबाळं झाली की माझी झोपायची सोयही बाहेरच कर."

अडलं होतं ते पंपापाशी. तेलाला दाब देणारा पंप, साधारण दुधाच्या किटलीएवढा. आता डीएसवाल्या माणसांत एक गोष्ट पोरासोरांनाही माहीत असते. सहासष्ट सालापर्यंतच्या गाड्या लाल तेलावर चालतात, नंतरच्या हिरव्या. ब्रेक, स्टिअरिंग, गाडीचं उठणंबसणं, सगळं त्या एकाच तेलावर. लालच्या गाडीत हिरवं गेलं की आतली रबरी सीलं फुगतात आणि गाडीचं एकेक अंग निकामी होत जातं. लेओंसची गाडी पासष्टची होती. हिरव्या तेलाचे पंप ढिगाने मिळत. लाल तेलाचा चांगला पंप मिळणं म्हणजे नशीब.

वसंतात त्याने इंटरनेटवरून एक मागवला होता. खोक्यातून काळाकुळकुळीत पंप निघाला. लाल तेलाचे भाग काळ्या रंगाचे असतात. लेओंसने खिळ्याने कोपरा खरवडला. काळ्याखाली हिरवा रंग.

"नवरीचा झगा घालून नवरदेव पाठवला म्हणायचा," मारिलेन म्हणेल असं त्याला वाटलं होतं, पण ती फक्त म्हणाली, "परत पाठव, आणि तो खिळा माझ्या टेबलावरून उचल."

ऑक्टोबरात मुलँच्या मैदानावर जुन्या भागांचा बाजार भरला. माणसं काखेत गाडीचं दार मारून, सॉसेज खात हिंडत होती. फिर्मँ नावाचा ओळखीचा जाडजूड विक्रेता ताडपत्रीवर कार्ब्युरेटर मांडून बसला होता. लेओंसने पंपाचं विचारलं तसा तो हसला.

"लालचा? कोरा? एकच ठाऊक आहे मला. सां-ऑबँला एक म्हातारा आहे, त्याच्याकडे खोक्यात बांधून ठेवलेला. पन्नास वर्षं उघडलेला नाही. तिघं जाऊन आले. कॉफी पाजतो आणि वाटेला लावतो."

"नाव काय त्याचं?"

"शापू. ऑक्ताव शापू."

लेओंसने हातातला कार्ब्युरेटर खाली ठेवला. फिर्मँ म्हणाला, "काय रे, देणं लागतोस की काय त्याचं?" लेओंस पुढच्या ताडपत्रीकडे वळला. घरी आल्यावर मारिलेनने विचारलं तेव्हा पंप मिळाला नाही एवढंच त्याने सांगितलं.

एकाहत्तर साली लेओंस एकोणीस वर्षांचा होता आणि सां-ऑबँच्या दुक्लो गॅरेजात शिकाऊ. शिकवायला ऑक्ताव होता, त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, सबंध तालुक्यात डीएसचा हात म्हणजे त्याचाच. एका शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांची लाल तेलाची डीएस तयार होती. ऑक्ताव हात धुवायला मागे गेला होता. लेओंसने टाकीत डोकावलं, तेल थोडं कमी वाटलं, आणि आपण केलेलं काम उस्तादाला दिसावं म्हणून त्याने जवळचा डबा उचलून ओतलं. डबा हिरव्याचा होता.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर एका रोग्याच्या अंगणात शिरले आणि थांबलेच नाहीत. गाडी कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन थांबली. माणूस कोणी दुखावला नाही. पण खुराड्याची गोष्ट आठवड्याभरात चार गावांत पोचली. दुक्लोने सगळ्यांना उभं करून विचारलं, कोणी ओतलं? लेओंसच्या हातात फडकं होतं. तो त्याची घडी घालत राहिला. आणि ऑक्ताव म्हणाला, "मीच असणार."

ऑक्तावला त्याच दिवशी काढलं. सहा महिन्यांनी लेओंसने आपण होऊन काम सोडलं, कारण तेलाचा डबा त्याच्याने उघडवेना. पुढे टँकरवर लागला. पस्तीस वर्षांत सां-ऑबँची फेरी त्याने कधी घेतली नाही. दर वेळी कोणाशी तरी बदलायचा. तिकडचे रस्ते वाईट आहेत असं सांगायचा. रस्ते चांगले होते.

दोन आठवडे त्याने काढले. मग एका गुरुवारी सां-ऑबँला निघाला.

दार उघडणारा म्हातारा शहाऐंशीचा होता, काठीसारखा ताठ.

"मेस्यू शापू, मी लेओंस. दुक्लोच्या गॅरेजातला."

ऑक्ताव बराच वेळ बघत राहिला. "पोरा," तो म्हणाला, "तुझे केस कुठे गेले?"

एकाहत्तर वर्षांचं पोर आत जाऊन बसलं. ऑक्तावने आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली काढली, बूच उघडून हुंगली, जरा थांबून पुन्हा हुंगली, आणि मग ओतली. गॅरेज सुटल्यावर तो पंचायतीत लागला होता, रस्त्याकडेचं गवत कापायला. अठ्ठावीस वर्षं गवत. ते सांगून झाल्यावर त्याने ग्लास खाली ठेवला.

"बरं झालं आलास. तुझी माफी मागायची राहून गेली होती."

"माझी?"

"मग कोणाची? गॅरेजचं नाव गेलं, गिऱ्हाईक गेलं, दुक्लोने दोन वर्षांत टाळं लावलं. तुझं शिक्षण अर्ध्यावर राहिलं माझ्यापायी. हात चांगला होता तुझा." तो खिडकीकडे वळला. "एक सांगतो, कोणाला सांगितलेलं नाही. मला लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. जन्मापासून. गॅरेजात कळलं असतं तर ठेवला असता का मला? मी डबा हुंगायचो. लाल तेलाला गोडसर वास असतो, हिरव्याला नाही. इतक्या वर्षांत एकदाही चुकलो नाही. आणि नेमकी त्या आठवड्यात मला सर्दी झाली."

लेओंसने ग्लास हातात गोल फिरवला.

ऑक्ताव उठला. कपाटातून सुतळीने बांधलेलं खोकं आणून त्याने लेओंसच्या मांडीवर ठेवलं. "डॉक्टरांच्या गाडीसाठी मी मागवला होता हा, माझ्या पगारातून. आला तोवर त्यांनी नवी गाडी घेतली होती. फिर्मँचा फोन आला होता, तुला पाहिजे म्हणून. घे. पैशाचं बोलू नकोस. तुझं नुकसान केलं, त्याचं समज."

खोकं जड होतं. बाहेर त्याची रोजची गाडी वीस पावलांवर उभी होती. नुसतं 'आभारी आहे' म्हटलं असतं तर रविवारी डीएस उठली असती, मारिलेनने टाळ्या वाजवल्या असत्या, आणि हा माणूस आणखी दोन-चार वर्षं माफी मागत जगून मेला असता. लेओंस हे सगळं एका घोटात विचार करून मोकळा झाला आणि त्याने ग्लास खाली ठेवला.

"ऑक्ताव, ते तेल मी ओतलं."

"कुठलं तेल?"

"डॉक्टरांच्या गाडीतलं. तुम्ही हात धुवायला गेला होतात. मी जवळचा डबा उचलला. गुरुवारनंतर कळलं मला. बोललो नाही."

ऑक्तावने पुढे वाकून त्याच्या मांडीवरचं खोकं काढून घेतलं. सैल झालेली सुतळी सोडली आणि पुन्हा बांधली. गाठ मारायला त्याने भलताच वेळ लावला.

"पुन्हा सांग."

लेओंसने पुन्हा सांगितलं.

"डबा कुठे होता? फळीवर की खाली?"

"खाली. डावीकडे."

"किती ओतलंस?"

"अर्धा लिटर."

"पाव की अर्धा?"

"अर्धा."

तिसऱ्यांदा सगळं ऐकून झाल्यावर ऑक्ताव म्हणाला, "बावन्न वर्षं. सूपसुद्धा दोनदा हुंगून पितो मी. बायको गेली माझी. तिला मरेपर्यंत वाटत होतं, मला तिच्या हाताचा भरवसा नाही."

लेओंस उठायला लागला.

"पंप मिळणार नाही," ऑक्ताव म्हणाला.

"बरोबर आहे."

"बरोबर काय आहे? ऐकून घे आधी. जानेवारीत पंचायत आम्हा म्हाताऱ्यांना जेवण देते. सगळं गाव असतं. तू यायचं, उभं राहायचं आणि सांगायचं. गोड यायच्या आधी. गोड खाल्लं की निम्मे झोपतात. मग बघू."

त्या संध्याकाळी लेओंसने मारिलेनला सांगितलं, पहिल्यांदाच. ती बटाटे सोलत होती. तिने आणखी चार बटाटे सोलले.

"हे लग्नाआधी सांगायला काय झालं होतं?"

"केलं नसतंस लग्न?"

"केलं असतं रे. पण भांडताना काढायला काहीतरी हाताशी राहिलं असतं. अठ्ठेचाळीस वर्षं फुकट घालवलीस माझी." मग सुरी ठेवून ती हळूच म्हणाली, "जायचं तर मी येणार. त्या निळ्या स्वेटरवर जाऊ नकोस."

डिसेंबरात फिर्मँचा निरोप आला. बेल्जियमला लाल तेलाचा पंप सापडला होता, अस्सल, खरवडून पाहिलेला. दोन दिवसांत घरपोच. मारिलेनने तो मोठ्याने वाचला आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"नको म्हणून कळव," लेओंस म्हणाला.

"म्हणजे आता पंपही नको?"

"पाहिजे. पण तोच."

जेवण पंचायतीच्या सभागृहात होतं. साठ-सत्तर डोकी, बहुतेक पांढरी. कोपऱ्यात एक जण अॅकॉर्डियन घेऊन पेंगत होता. बदक झालं, चीज फिरलं. लेओंस उठला आणि त्याने काट्याने ग्लास वाजवला. अशा जेवणात म्हातारा उठून ग्लास वाजवतो तो गाणं म्हणायला, तेव्हा सगळीकडून ओरडा झाला, "गाणं! गाणं!" अॅकॉर्डियनवाला जागा होऊन सूर धरू लागला.

"गाणं नाही," लेओंस म्हणाला, आणि त्याने सांगितलं. घरी तोंडपाठ केलं होतं त्यातलं निम्मं विसरला.

"मोठ्याने!" समोरच्या टेबलावरून ऑक्ताव म्हणाला. "मागे ऐकू जात नाही."

म्हणून पुन्हा सांगावं लागलं. शिकाऊ पोर, शनिवार, डबा, फडकं, आणि दुसऱ्याच्या माथी गेलेला दोष. सांगून झालं तरी तो उभाच होता.

"कुठले डॉक्टर म्हणालास?" एकाने विचारलं.

"मालेस्से."

"ते दात काढायचे ते?"

"अहो, दात काढायचे ते वेगळे. मालेस्से म्हणजे टेकडीवरचे, त्यांची बायको पळून गेली ते."

"बायको दातवाल्याची पळाली!"

वाद पेटला. खुराड्याची गोष्ट दोघांना अंधूक आठवत होती, आणि त्यातल्या एकाच्या मते तो ट्रॅक्टर होता. दुक्लो मेला होता, डॉक्टर मेले होते, अंगण कोणीतरी पॅरिसवाल्याने विकत घेतलं होतं. ज्या लोकांच्या तोंडाला भिऊन लेओंस पस्तीस वर्षं या गावाला वळसा घालत होता, त्यांतले बरेचसे समोरच्या दफनभूमीत होते आणि उरलेले बायकोच्या प्रश्नावर भांडत होते.

तेवढ्यात ऑक्ताव उभा राहिला. "मी बोलतो. मला वाटत आलं, चूक माझीच. का, ते ऐका. मला लाल-हिरवं कळत नाही. कधीच कळलं नाही. लपवून ठेवलं होतं."

"ते होय!" बेकरीवाली युगेत म्हणाली. वय नव्वद, आवाज वीस. "ते तर सगळ्या गावाला ठाऊक आहे! फुटबॉल खेळायचास तेव्हा दर वेळी हिरव्या बनियनवाल्यांना चेंडू द्यायचास. आपले लाल होते रे बाबा! तुला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही."

सभागृह हसलं. ऑक्ताव उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते लेओंसला नीट कळेना. रागही वाटत होता, आणि पाठीवरून ओझं उतरवल्यावर हमाल जसा क्षणभर नुसता उभा राहतो तसंही काही. मग तो बसला. गोड आलं. त्याने आपलं संपवलं आणि न विचारता लेओंसची बशी ओढून घेतली.

निघताना कोटांच्या खोलीत दोघं समोरासमोर आले. मारिलेन जरा लांब, मफलर गुंडाळत, कान इकडे लावून.

"मंगळवारी येतो. दहाला," ऑक्ताव म्हणाला. "जेवायला थांबेन."

"हो."

"पंप मी बसवणार. तू एका नटालाही हात लावायचा नाहीस."

"नाही लावत."

ऑक्तावने कोटाची बटणं लावली, वरपर्यंत, एकेक करून. "आणि तेल तू ओतायचं," तो म्हणाला. "मी बाजूला उभा राहीन."

लेओंसने मान हलवली. त्याचा हात कोटाच्या बाहीत अडकला होता आणि काही केल्या बाहेर येत नव्हता. शेवटी मारिलेनने येऊन तो ओढून काढला.