मुंगी नसलेले घर

निवृत्तीनंतर बहुतेक केसेस पुसट झाल्या. करमाडची ती दुपार मात्र अजून लख्ख आठवते. दुष्काळाचे वर्ष होते. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी नुकतीच उपनिरीक्षक झाले होते.

शहागंजच्या खबऱ्याने खबर दिली: करमाडजवळ एका घरात जिवंत खवले मांजर आहे आणि संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे. गिऱ्हाईकाला फक्त खवले हवे होते. म्हणजे प्राण्याच्या हाती तेवढीच दुपार होती.

जीपमध्ये आमचे हवालदार कुरकुरत होते. "मॅडम, माणसाला प्यायला पाणी नाय अन् आपण मांजर वाचवायला चाललो. एखादी जात संपली तर कुणाचं काय अडतंय? डायनासोर गेले, कुणी फिर्याद दिली का?"

"द्यायला त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं," मी म्हणाले.

घरमालक पन्नाशीचा. जमीन कारखान्याला देऊन नवे घर बांधलेला. खोल्यांची झडती घेतली, हाती काही लागले नाही.

"साधं मांजर बी नाय आमच्यात," तो म्हणाला. "अन् असलं तरी, डोंगर फोडून त्याचं घर कुणी मोडलं? त्याला धरा की!"

मुद्दा बिनतोड होता, पण तो बचाव नव्हता.

एवढ्यात त्याच्या आईने चहा आणला. स्वयंपाकघरात गुळाचा खडा उघडाच पडलेला दिसत होता. ऐन उन्हाळा, उघडा गूळ आणि त्यावर एकही मुंगी नाही.

"आजी, गूळ झाकत नाही?"

"कशाला झाकू, बाई? आधी लई रांगा लागायच्या. आता मुंगीच नाय. वाळवी बी गेली."

"औषध कोणतं मारलं?"

आजींनी कौतुकाने लेकाकडे पाहिले. लेकाने छताकडे पाहिले. "मॅडम, चहा निवतोय," तो म्हणाला.

खवले मांजराचे सगळे जेवण म्हणजे मुंग्या आणि वाळवी. मी आजींना सरळ विचारले, "रात्री घरात सोडता, मग दिवसा कुठं ठेवता?"

"हौदात. कोरडाच हाय तो."

"आये!" लेक ओरडला.

हौदात अंगाचा चेंडू करून ते झोपले होते. पंचनाम्याला आलेला शेजारी त्याच्याभोवती दोनदा फिरला. "तोंड कुठल्या बाजूला हाय, ते कळल्याबिगर मी सही करणार नाय," म्हणाला.

वन विभागाची गाडी सकाळी येणार होती. तोवर ठाण्यात खोक्यात घातलेल्या प्राण्याला ठेवायला मुद्देमालाच्या खोलीशिवाय जागा नव्हती. मुद्देमालाला लावायचे लाखेचे सील हातात धरून हवालदार बराच वेळ विचारात उभे राहिले आणि शेवटी त्यांनी ते दाराला लावले.

सकाळी आम्ही पाहतो तो खोके फुटलेले. पाहुणा कपाटामागे गाढ झोपला होता आणि कित्येक वर्षे आमचे दप्तर खाणारी वाळवी भिंतीवरून साफ झाली होती.

वन विभागाची गाडी आली तेव्हा हवालदार दार अडवून उभे. "मॅडम, तपासासाठी अजून आठ दिवस ठेवता येईल का?"

"काल तर ही जात संपली तरी चालणार होती."

"काल त्याचं काम बघितलं नव्हतं ना!"

मी हसले, पण ते वाक्य मनातून गेले नाही. आरोपीलासुद्धा आपण बाजू मांडायची संधी देतो. प्राण्याने मात्र जगण्यासाठी आधी उपयोग सिद्ध करावा, अशी आपली अपेक्षा असते. याच्या नशिबाने ठाण्यात वाळवी होती. ज्यांचा उपयोग अजून आपल्याला दिसलेला नाही, त्यांनाही वाचवायला हवे, असे माझे ठाम मत आहे. एकदा नाहीशी झालेली जात पुन्हा हजर करील असे वॉरंट कोणतेच न्यायालय काढू शकत नाही.