टेबलाशी बोलायचं नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी — ज्याला लग्नाच्या पंगतीत लोक हात धरून बसवतात! वाघाची डरकाळी, तहसीलदाराची शिंक, सगळं करून दाखवतो. हा एकच किस्सा मागे ठेवलाय. पंगत उठली, सतरंज्या गुंडाळल्या, की तो मला एकट्याला गाठतो.

वामन माझा मित्र. सीताबर्डीत घड्याळं दुरुस्त करायचा आणि सुटीच्या दिवशी नेमबाजी. रिव्हॉल्व्हर परवान्याचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट — काडतुसं सहज मिळत नसत, म्हणून झाडलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या तो घरीच पुन्हा भरायचा.

त्याचे नियम कडक. विडी बाहेर. टेबलावर बारुदीचा एकच डबा. ठोकळ्यात उभ्या केलेल्या नळ्यांत तो बारूद घालणार, मग मी टॉर्च लावून एकेकीत डोकावणार — पातळी सारखी आहे ना? एखादीत दुप्पट पडली तर रिव्हॉल्व्हर हातातच फुटायचं. मी हो म्हटल्यावरच तो वर गोळी बसवायचा. आणि टेबलाशी बोलायचं नाही. कुणी बोललं, की सगळी बारूद परत डब्यात, पुन्हा पहिल्यापासून.

मला गप्प बसवणं — तुम्हीच सांगा, कुणाला जमलंय?

त्या शनिवारी संध्याकाळी मी कामठीच्या बसमध्ये चढलेल्या बकरीची गोष्ट काढली.

“चूप न बे! आता सारं रिकामं करा लागते.”

“राहू दे न गा. बकरी आता कंडक्टरले तिकीट मागून राहिली!”

वामन हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि हसता हसता हात चालवत राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, “पाह्यलं का गा नीट?”

“पाह्यलं. साऱ्या सारख्या.”

दुसऱ्या दिवशी मैदानावर रिव्हॉल्व्हर फुटलं. वामनच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा अंगठा — आणखी काय सांगू?

दवाखान्यात मी उशाशी बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं. पण तोच म्हणाला, “मी हसाले नोको होतं गा. माहीच चूक. तू त पाह्यलं होतं.” येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगे — ह्यानं पाह्यलं होतं, चूक माही. आणि मी? मान खाली घालून ऐकायचो. लोकांना वाटे, किती दुःख झालंय मित्राला.

दुकान गेलं. वामन कुहीला भावाकडे राहायला गेला. मी भेटायला जायचो, नवे नवे किस्से घेऊन. तो ऐकायचा. हसायचा मात्र नाही. मी बोलायला लागलो की डावा हात उजव्यावर ठेवायचा. मग माझंच जाणं थांबलं. तो गेल्याचं मला बाहेरून कळलं.

टॉर्च माझ्या मांडीवर होती. मी एकाही नळीत डोकावलो नव्हतो.

डोकावायचं तर बकरीला मध्येच थांबवावं लागलं असतं.